जागेवर कोणी आढळले नाही

शांतव्वा : ...आणि तिसरं पाकीट ह्ये. तीनबी फोटोच्या मागं हुती. परवा मालकांच्या पुण्यतिथीला काच पुसाय फोटो उतरला, तवा खाली पडली.

गणपतराव : एकही फोडलेलं नाही. पहिल्यावर गेल्या वर्षीच्या, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलचा शिक्का आहे, शांतव्वा.

शांतव्वा : मालकांच्या नावची हायत की ती. बाळाप्पा वीरभद्र गवळी. आमच्यात गेल्या माणसाच्या नावचा कागद आला की त्येच्याम्होरं ठेवायचा, मग फोटोमागं सारायचा. सासूबाईंनी मामंजींचं ठेवलं, मी मालकांचं ठेवती. दुसऱ्याचं पाकीट फोडू न्हाय, आणि गेल्या माणसाचं तर न्हाईच न्हाई.

गणपतराव : म्हणजे नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाशी शासन पत्रव्यवहार करतं आहे आणि तुम्ही तो त्यांच्यापर्यंत इमानानं पोहोचवता आहात. या व्यवहारात एका पक्षानं तरी आपलं कर्तव्य पार पाडलं, असं म्हणावं लागेल.

शांतव्वा : चेष्टा नगासा करू, सर. तुमी कॉलेजात चाळीस वर्सं जुन्या राजांची कागदं वाचलासा, ही तीन वाचा. शेजारची शालूबाई म्हणत हुती, तुमच्या गोठ्यावर बाग पडली. बाग अशी पडती व्हय कुणावर?

गणपतराव : पडते. वीज पडते, धाड पडते, तसंच आरक्षणही पडतं. फोडू का पाकिटं?

शांतव्वा : मालकांस्नी इचारून आणल्यात. फोडा.

गणपतराव : ऐका. पहिलं पत्र. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, सदर जागेचा विद्यमान वापर रिक्त असा नोंदविण्यात आला असून तो तसा नसल्यास तसे विहित मुदतीत कळविण्यात यावे, अन्यथा तो तसाच असल्याचे गृहीत धरण्यात येईल.'

शांतव्वा : कोण धरणार?

गणपतराव : तेच तर इथं नाही. नोंदवलं कोणी, कळवतो कोण, धरणार कोण, यांपैकी एकही माणूस या वाक्यात सापडायचा नाही. मी बखरी वाचल्या, वतनाचे कागद वाचले. तिथं जुलूम करणारा निदान आपलं नाव तरी घालत असे.

शांतव्वा : आणि रिक्त म्हंजे?

गणपतराव : रिकामी. मोकळी पडलेली.

शांतव्वा : आमचा गोठा? बावीस म्हशी हायत, सर. तुमी रोज सांजंला कट्ट्यावर ज्या चंद्रीच्या कासेचं निरसं दूध पितासा, ती काय मोकळ्या हवंतनं येती?

गणपतराव : दुसरं पत्र. 'पहिल्या पत्रास उत्तर न आल्याने नोंद कायम करण्यात आली आहे.' थोडक्यात, बाळाप्पांनी हरकत घेतली नाही. तिसरं महत्त्वाचं. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. तुमची जागा आरक्षण क्रमांक एकशे त्रेचाळीस, बालोद्यान. हरकत साठ दिवसांत द्यायची.

शांतव्वा : आणि न्हाई दिली तर?

गणपतराव : तर आराखडा वर मंजुरीला जाईल आणि मंजूर झाला की त्या जागेवर तुम्हांला एक खांबसुद्धा नवा रोवता येणार नाही. पुढं जेव्हा कचेरीला जाग येईल, तेव्हा जागा ताब्यात घेतील.

शांतव्वा : साठातलं किती सरलं?

गणपतराव : आजचा सत्तावन्नावा.

शांतव्वा : मग तीन हायत. तीन लई झालं. पर मला एक सांगा, रिकामी म्हणून बघितलं कुणी?

गणपतराव : सोबत पाहणीचा तक्ता आहे. 'दिनांक अकरा मार्च, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. शेड आढळली. जनावरे आढळली नाहीत. जागेवर कोणी आढळले नाही. भिंतीकडेला कचऱ्याचे ढीग.'

शांतव्वा : कचरा? त्या शेण्या हायत. हाताला भेगा पडस्तवर थापलेल्या. दरसाल होळीला गाडीभर स्मशानात धाडतो आमी, कुणाचं मढं सरपणावाचून तटू नये म्हणून. ह्येनं लिवलं कचरा?

गणपतराव : लिहिलं नाही, शांतव्वा. 'आढळला'.

शांतव्वा : आणि सकाळी सातला म्हशी गोठ्यात कशा घावतील? पाचला सोडायच्या, कट्ट्यावर न्हेऊन हुब्या करायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्याम्होरं धार काढायची. आठ वाजस्तवर घरातलं सगळं मानूस कट्ट्यावर. ह्ये गावातल्या शेंबड्या पोराला ठावं हाय.

गणपतराव : गावातल्या पोराला. तक्त्याला नाही.

शांतव्वा : थांबा. अकरा मार्च... शिमग्याच्या टायमाला. सर, त्यो मानूस आलता की.

गणपतराव : कोण?

शांतव्वा : खांद्याला पिशवी, हातात टेप, उनाड कुत्र्यागत भिरीभिरी बघत हुता. कट्ट्यावर आला आणि म्हणला, बाळाप्पा गवळ्याचा गोठा कुठला? म्या म्हटलं, पावणं, लांबनं आलासा, आधी दूध घ्या. पितळी पेला भरून दिला. फेस मिशीला लागलाता त्येच्या. मग बोट करून दावलं, त्यो बघा वडाच्या मागं, कुलूप न्हाय, जावा बघून या.

गणपतराव : म्हणजे त्यानं म्हशी पाहिल्या.

शांतव्वा : बघितल्या काय, चंद्रीच्या पाठीवर हात फिरवून गेला.

गणपतराव : आणि तिथून दोनशे पावलांवर जाऊन लिहिलं की जनावरं आढळली नाहीत. शांतव्वा, मी आज रात्रीत हरकत लिहून काढतो. या नगराची वसाहत, गवळ्यांच्या पेठेला दिलेली अभयपत्रं, सार्वजनिक हिताची व्याख्या आणि प्रशासकीय अज्ञानाचा इतिहास. दहा-बारा पानं होतील.

शांतव्वा : वाचून दावा मला उद्या सकाळी. मगच घालायचं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ, गणपतरावांचा ओटा.)

गणपतराव : '...सबब, उपरिनिर्दिष्ट ऐतिहासिक साधनांच्या प्रकाशात प्रस्तुत नोंद केवळ तथ्यविसंगतच नव्हे, तर नागरी स्मृतीच्या निर्मूलनाची नांदी ठरते, हे नम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येत आहे.' बारावं पान संपलं. काय झालं? का हसता?

शांतव्वा : राग नगासा मानू. तुमचं पत्रबी त्यांच्या पत्रागतच झालं.

गणपतराव : माझं?

शांतव्वा : मला एक अक्षर कळंना. 'देण्यात येत आहे' म्हणं. कोण देतंय? मी देती की. आणि बारा पानांत म्हस कितव्या पानावर हाय?

गणपतराव : ...सातव्या. तळटीपेत.

शांतव्वा : म्हस तळाला घालून कुणी धार काढती व्हय? घ्या कोरा कागद. लिवा. माझा गोठा रिकामा न्हाई. त्यात बावीस म्हशी हायत, ढोरांच्या डॉक्टरच्या वहीत त्यांची लसीची नोंद हाय, बिल्ल्याच्या नंबरासकट. तुमचा मानूस सकाळी सातला आला, तवा म्हशी कट्ट्यावर हुत्या आणि त्यो तिथंच त्यांचं दूध प्याला. परत या आणि दुपारी बारानंतर बघा. तोवर बाग काढा.

गणपतराव : पुढं?

शांतव्वा : संपलं.

गणपतराव : चाळीस वर्षांत माझं लिखाण एवढं कुणी छाटलं नव्हतं. आणि एवढं नेमकंही. खाली सही कोणाची?

शांतव्वा : माझी. आणि कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकांच्या सह्या सकाळीच घेतल्यात, एकसष्ट. तुमची बासष्टावी. चला, खिडकी साडेधाला उघडती.

(त्याच दिवशी, कचेरीतील हरकतींची खिडकी. आत कर्मचारी आकाराम.)

आकाराम : आरक्षण एकशे त्रेचाळीस. जागामालक बाळाप्पा वीरभद्र गवळी. हजर आहेत का?

शांतव्वा : न्हाईत. ह्यो मृत्यूचा दाखला.

आकाराम : मग मावशी, अर्ज कसा चालेल? आमच्या नोंदीला नाव त्यांचं आहे.

गणपतराव : कायद्यात हरकत 'कोणतीही व्यक्ती' घेऊ शकते, असं म्हटलं आहे. जिवंत असण्याची सवलत तिला आहे, असं मी समजतो.

आकाराम : तसं आहे खरं. द्या. ...'त्यो तिथंच त्यांचं दूध प्याला.' हे असं लिहीत नाहीत अर्जात, मावशी.

शांतव्वा : पावणं, वर बघा जरा. वळख लागली का?

आकाराम : ...कट्ट्यावरच्या मावशी.

शांतव्वा : तीच. दूध गोड लागलंतं का?

आकाराम : मी जागेवर जाऊन जे दिसलं ते लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही.

गणपतराव : आणि जागेवर जाण्यापूर्वी जे प्यालात ते?

आकाराम : तक्त्यात त्याला रकाना नाही, सर. जागा, बांधकाम, वापर. म्हशी रस्त्यावर उभ्या होत्या, त्या कुठल्या जागेत लिहायच्या? दिवसाला चाळीस जागा उरकायच्या होत्या आम्हांला.

शांतव्वा : चाळीसातली एक माझी हाय. तुमाला उरकायची हुती, मला जगायची हाय. दुसरं काय म्हणणं न्हाई माझं. घ्या अर्ज आणि पोच द्या. शिक्क्यासकट.

आकाराम : देतो. पण आधीच सांगतो, बदलेलच असं नाही. अर्ज समितीपुढं जाणार, सुनावणी होणार, फेरपाहणी लागणार.

शांतव्वा : लागू द्या की. सुनावणीला मी येती, पाहणीला तुमी या. ह्या खेपंला दुपारी. दूध तवाबी मिळंल, पर आधी म्हशी मोजायच्या, मग पेला.

आकाराम : ...मी स्वतः येईन, मावशी. हा घ्या शिक्का. तारीख पत्रानं कळवण्यात... तारीख मी कळवतो.

गणपतराव : शांतव्वा, पोच जपून ठेवा. फोटोच्या मागं नको.

शांतव्वा : पावणं, पत्र कुणाच्या नावानं धाडणार?

आकाराम : नोंदीला अजून बाळाप्पा गवळी आहे. त्याच नावानं निघेल.

शांतव्वा : शांतव्वा घाला. म्हंजे फोडीन.