पाहुण्यांचा खेळ आणि करपलेली अर्धी भाकरी

मंडळी, आज देवाचं नाव घ्यायच्या आधी एक सवाल टाकते! दुसऱ्यानं केलेल्या कामाला बरं-वाईट म्हणायचा हक्क माणसाला कधी मिळतो? वयानं मिळतो? डोक्यावरच्या फेट्यानं मिळतो? का मोठ्यानं बोललं की मिळतो? — अहो, माना काय डोलावता! मी अजून उत्तर दिलेलं नाही! ते मागं खांबाला टेकलेले पाव्हणे तर झोपेतच 'हो' म्हणतायत. हलवा जरा त्यांना!

ऐका. आख्यान पोथीतलं नाही, बार्शीतलं आहे.

बार्शीत निनाद खरमाटे नावाचा पोरगा. चुणचुणीत, बोलका, केसांचा तुरा असा काढलेला की कोंबड्यानं लाजावं! ह्याचा उद्योग काय? — कॉम्प्युटरवर, मोबाईलवर जे गेम येतात ते खेळायचे, आणि ते कसे आहेत ते व्हिडिओ करून जगाला सांगायचं. हसू नका! त्याला रिव्ह्यू म्हणतात. आपण लग्नाच्या पंगतीतून उठलो की भाजीला नावं ठेवतो ना? तेच! आपण फुकट करतो, त्याचं चॅनल होतं, एवढाच फरक.

आणि निकाल द्यायची त्याची तऱ्हा मोठी गमतीची. दुसरे चांदण्या देतात, हा भाकरी द्यायचा! पाचातल्या किती भाकरी, ते सांगायचं. मारामारीचा गेम आला — "बंदूक वाजते का ओला फटाका, तेच कळंना! दोन भाकरी!" गाड्यांच्या शर्यतीचा आला — "वळणावर पोटात गोळा आला राव! साडेचार!" भुताचा आला — "भूत झकास आहे, पण दर खोलीत तेच भूत! बदली करा की त्याची! तीन!" आणि अगदीच नावडला, तर काय? करपलेली अर्धी भाकरी! तव्यावरची काळी अर्धी भाकरी पडद्यावर दाखवायचा, वर लिंबाची सालसुद्धा नाही. ती मिळाली की तो गेम बाजारातून उठलाच म्हणून समजा.

पोरं त्याच्या शब्दावर जायची. कारण पोरगा खोटं बोलत नव्हता हो! कुणाची भीड नाही, कुणाचं मिंधेपण नाही. आणि एक ताठा — एकदा दिलेली भाकरी परत घ्यायची नाही! 'निनादची भाकरी, दगडावरची रेघ.' चॅनलवर लिहूनच ठेवलेलं.

मग खोट कुठं होती? — घाईत! गेम ज्या दिवशी येईल त्याच दिवशी सगळ्यांच्या आधी निकाल सांगायचा. मग गेममधलं कुणी बोलायला लागलं की बटण दाब, पुढं ढकल! गोष्ट सुरू झाली की पुढं ढकल! मारामारीच्या गेममध्ये चालतं ते. पण सगळ्या देवांना एकच नैवेद्य चालतो का? खंडोबाचा मारुतीला दाखवाल? दाखवून बघा!

तर अशात एक गेम आला. नाव — 'पाहुणे'.

करणारी कोण? कुर्डुवाडीची वैदेही सुतार. बाप देवळाची दारं करणारा, लेक गेम करणारी. कोरणंच दोघांचं, लाकूड तेवढं वेगळं! दोन-तीन वर्षं एकटी खपली होती. गेममध्ये काय? गोळी नाही, गाडी नाही, भूत नाही. एक घर. दारात पाहुणा येतो. त्याला पाणी द्यायचं, बसायला द्यायचं, जेवू घालायचं. बस्स! माझ्या सुना बसल्यात इथं पुढं, त्या म्हणतील — "आत्याबाई, हा खेळ आम्ही रोजच खेळतोय, आम्हाला कुणी भाकरी दिली नाही!" — दिली गं, मनातल्या मनात दिली. तोंडावर दिली तर डोक्यावर बसाल!

निनादनं दुपारी गेम उघडला. पहिला पाहुणा आला. "चहा घेणार?" पाहुणा म्हणाला, "नको." खाली बटण आलं, 'बरं'. दाबलं! "जेवणार?" "नको नको, खाऊनच निघालोय." 'बरं' — दाबलं! पाहुणा उठला, गेला. दुसरा आला, उपाशी गेला. तिसरी आली, उपाशी गेली. आता घर रिकामं, चूल थंड, आणि पडद्यावर अक्षरं आली, 'ह्या घरी आता कुणी येत नाही.' खेळ खलास!

"हॅ! हा काय गेम आहे?" निनादनं कॅमेरा लावला. "मित्रांनो, ह्या गेममध्ये पाहुणे येतात, नको म्हणतात आणि जातात. गेम बिघडलेला आहे, नाहीतर करणारी तरी! हे घ्या —" आणि पडद्यावर आली, करपलेली अर्धी भाकरी!

झालं! लोकांनी तोंडसुख घेतलं. "ताई, पाहुणे नको म्हणतात, आम्हीही नको म्हणतो!" — अशी एकेक वाक्यं. वैदेही दोन दिवस तीच वाचत बसली. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "येत्या सोमवारी गेम काढून टाकते. आणि पुण्याला नोकरी बघते कुठंतरी."

आई, कलावतीबाई, म्हणाली, "त्या मुडद्याला आण माझ्यासमोर, लाटण्यानं भाकरी देते!"

वैदेही थांबली. मग हसली! म्हणाली, "आई, आणतेच. पण लाटणं नको. जेवायला बोलावते. फक्त एक करायचं, तो नको म्हणाला की तू आग्रह करायचा नाहीस."

"आग्रह करायचा नाही? आणि तो उपाशी गेला म्हंजे? गाव काय म्हणेल?"

"शपथ घे माझी."

मंडळी, त्या माउलीनं शपथ घेतली हो! पण तोंड असं केलं की जशी कुणी तिची दागिन्यांची पेटीच मागितली!

फोन गेला. निनादला वाटलं, रडारड होईल, विनवण्या होतील. आपण ठाम राहायचं! मोटारसायकल काढली, भर बाराच्या उन्हात कुर्डुवाडीला हजर.

"या, बसा." पाणी आलं. पोराला तहान लागलेली, पण रीत आहे ना? म्हणाला, "नको नको, आत्ताच प्यालो."

"बरं," वैदेही म्हणाली. तांब्या आत!

पोरगा बघतच राहिला. थोड्या वेळानं आतून वांग्याच्या भरताचा वास आला. अहो काय वास! कलावतीबाई दारात आली. "जेवतोस ना बाळा?"

निनाद म्हणाला, "नको काकू, पोट भरलंय." — खरं काय होतं? सकाळपासून पोटात चहाचा कप! पण आपण असंच म्हणतो ना? पहिल्या 'नको'ला कुणी 'नको' धरतं का कधी?

कलावतीबाई दाराची चौकट धरून उभी. ओठ हलतायत, आवाज फुटत नाही. लेकीनं डोळे वटारले. शेवटी माउली म्हणाली, "ब... बरं!" — आणि पदर तोंडाला लावून आत पळाली!

पंगत बसली. बाप बसला, वैदेही बसली. भाकरी मोडल्याचा आवाज, भरत, वर कच्चं तेल, कांदा फोडलेला! आणि निनाद खुर्चीवर, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत. बाप मान वर करीना, त्याचं हसू घासात अडकलेलं.

शेवटी पोराचा बांध फुटला! "अहो, ही काय रीत झाली? माणूस एकदा नको म्हणतोच की! कुणी 'असं कसं, घ्याच' तरी म्हणाल का नाही?"

वैदेहीनं घास खाली ठेवला. "माझ्या पाहुण्यांनी एकदा नको म्हटलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

— आणि मंडळी, पोरगा खुर्चीवरून उतरून खाली बसला!

"क्षणभर थांबायचं होतं," ती म्हणाली. "थांबलं की खाली दुसरं बटण येतं, 'असं कसं, घ्याच'. तुम्ही थांबलाच नाहीत."

बार्शीचा पोरगा! पाचव्या पुरणपोळीशिवाय मामाच्या घरून कधी उठला नाही! आणि त्यानं एखाद्या परमुलखातल्या माणसासारखा 'नको'चा अर्थ 'नको' लावला! का? बोट धावत होतं, मन मागंच राहिलं होतं! म्हणतात ना —

*चाखल्यावाचून जिभेनं चव सांगू नये बाई,*
*थांबल्यावाचून दारात घर कळायचं नाही!*

वाजवा जरा मृदंग, पाव्हणे जागे झालेत तोवर!

निनाद म्हणाला, "आत्ता खेळतो. इथंच." वैदेहीनं कॉम्प्युटर लावला. पहिला पाहुणा — "नको." निनाद थांबला. बटण आलं. 'असं कसं, घ्याच!' पाहुणा म्हणाला, "बरं, अर्धा कप." चहा पिता पिता बोलायला लागला, लेकीचं लग्न कसं मोडलं ते सांगितलं. दुसरी आली, जेवली, जाताना ओवी म्हणून गेली. आणि शेवटी एक म्हातारबुवा आले. आग्रह केला, नको. पुन्हा केला, नको. तिसऱ्यांदा केला, तेव्हा बुवा पाटावर बसले, हात ताटावर धरून म्हणाले, "खरं सांगू का? घरवाली गेल्यापासून मला 'घ्याच' असं कुणी म्हटलंच नव्हतं."

निनादनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढला.

आता खरी कसोटी! चूक कळणं सोपं. चारचौघांत सांगणं? तिथं भल्याभल्यांची दातखीळ बसते. दगडावरची रेघ पुसायची! ह्याच्यावर जळणारी चॅनलं टपूनच बसलेली. आणि तेवढ्यात कलावतीबाई भरलं ताट घेऊन आली. "शपथ सुटली माझी! बस आता. खा!"

निनाद म्हणाला, "नको काकू."

"असं कसं, घेच!"

"काकू, खरंच नको!"

"मी ओळखते हे नको! घे म्हणते ना!"

"अहो काकू, हे खरं नको आहे! तुमच्याकडं जेवून भाकरी वाढवली, तर लोक म्हणतील, भरतावर विकला गेला. आधी बोलतो, मग खातो!"

बापानं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, "पोरगं कामाचं दिसतंय."

तिथंच, उपाशीपोटी, निनादनं कॅमेरा लावला. "मित्रांनो, 'पाहुणे' ह्या गेमला मी करपलेली भाकरी दिली. करपला होता तो मी. मी गेम खेळलोच नव्हतो, नुसता पळवला होता. आग्रह करायचा असतो हे मला कळलं नाही — मला! माझी भाकरी मी परत घेतो. हसायचं तेवढं हसा." मग नीट सांगितलं, गेम कुणासाठी आहे, कुणासाठी नाही. ज्याला धडाधड गोळ्या हव्यात त्यानं इकडं येऊ नये, ज्याला थांबता येतं त्यानं यावं. "आणि ह्याला चार भाकरी!"

वैदेही ताडकन म्हणाली, "चार? पाचवी कुठं गेली?"

"तुमच्या गेममधल्या घरातलं मांजर भिंतीतून आरपार जातं!"

"मांजरच आहे ते! कुठूनही जातं!"

"नाही, दुरुस्त करा. मग पाचवीचं बघू."

आणि मंडळी, ती पोरगी खळखळून हसली! कारण तिला कळलं — ह्यानं दया केलेली नाही, ह्यानं पाहिलंय! दयेची पाचवी भाकरी घशाखाली उतरत नाही. पारखून दिलेली चौथी पोट भरते.

लोक हसले का? हसले की! चार दिवस निनादची टिंगल झाली. मग त्यातलेच काहीजण गेम उघडून क्षणभर थांबले. त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. सोमवार आला, आणि वैदेहीनं गेम काढला नाही. दिवसभर मांजर अडवत बसली होती! आणि निनाद? त्या दुपारी चार भाकरी हाणून उठला. पाचवीला नको म्हणाला, पण कलावतीबाईपुढं कुणाचं चाललंय!

आता तुमच्याकडं वळते. हसलात ना निनादला? नव्या सुनेनं पहिल्या दिवशी केलेली आमटी चाखून "हिला काही येत नाही" असं कोण म्हणालं होतं गं, पारूबाई? पोराच्या मार्कांचा कागद बघून त्याला गाढव कोण म्हणालं, मास्तर? शेजारी एकदा बोलला नाही म्हणून त्याचं दार कायमचं कुणी सोडलं? सगळे पहिल्या 'नको'ला 'बरं' म्हणणारे! बटण दाबून माणसं पुढं ढकलणारे!

निकाल द्यायचा हक्क वयानं नाही, फेट्यानं नाही. बसल्यानं मिळतो! ज्याच्या दारात तुम्ही बसलात, ज्याचं ऐकून घेतलंत, त्याचा दोष काढा, खुशाल काढा, त्याला तो लागणार नाही, उपयोगी पडेल. आणि जिथं बसला नाहीत, तिथं तोंड मिटून नमस्कार करा!

आता इथून उठून सरळ घरी जाऊ नका. ज्याला तुम्ही करपलेली भाकरी देऊन मोकळे झालात, असा एक जण प्रत्येकाच्या मनात आत्ता उभा आहे. लपवू नका, मला इथून दिसतोय! त्याच्या दारात जा. तो म्हणेल, "आता काय काम आहे? नको." — तर थांबा. क्षणभर थांबा!

म्हणा, भक्ताच्या दारात थांबणाऱ्या त्या गोपाळकृष्णाचा — जयजयकार असो!