बेशरमीच्या शेजारचा ए क्लास फ्लॅट

अरे थांब, गाडीला किक नंतर मार, आधी ऐक काय झालं ते... आपला गोपाळ, मोबाईल दुरुस्तीवाला, त्याच्याकडं आज जो प्रकार झाला ना, तो ऐकल्याबिगर तू घरी जायचं नाही! दोन महिने ह्या गड्यानं अख्ख्या परभणीचं डोकं खाल्लं. कशावरून? क्लासवरून. शिकवणीचा नाही रे, घराचा क्लास! मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला, की घरांमधी पण ए बी सी डी असतंय. नवीकोरी बिल्डिंग, लिफ्ट, पार्किंग, ती ए. दहा-वीस वर्षांची पण धडधाकट, ती बी. पापुद्रे सुटलेली, नळ गळणारी, ती सी. आणि डी म्हणजे आत जाताना देवाचं नाव घ्यायचं! झालं, तवापासून हा रस्त्यानं चालायचाच बंद झाला, मार्क देत निघायला लागला. चहाच्या टपरीला सी, सासुरवाडीला सी... बबिता, त्याची बायको, आठ दिवस बोलली नाही, तर हा म्हणतो, राग कशाला, बी मायनस करतो. आणि वरून ऐटीत, "घर असं घेत नसतेत. क्लास बघावा लागतो, क्लास."

तुला वाटंल, बघंना का, कुणाचं काय जायलंय? अरे जायलंय की! त्याच्या आईचं जायलंय! भिवराबाई, राणीसावरगावची. सगळी जिंदगी मेंढरांमागं चालली ती बाई. गुडघे गेले तवा अख्खा कळप विकला, एक शेळी तेवढी ठेवली, परभणीला आली पोराकडं, आणि आलेले पैसे त्याच्या हातात ठिवले. म्हणली, असं घर घे की त्याच्या भाड्यावर माझं म्हातारपण निघावं, तुझ्यापुढं हात पसरायची पाळी नको. आता हे नुसते पैसे हायेत का, तूच सांग? चाळीस वर्षांची पायपीट हाय ती! आणि ह्यानं ती कुठं ओतायची ठरवली? गावाबाहेर, नव्या बिल्डिंगीत, गेटवर दोन सिमेंटचे सिंह! एजंट माणिकराव. गोड माणूस, इतका गोड की बोलताना तोंडाला मुंग्या लागाव्यात. गोपाळराव, म्हणे, तुमच्यासारखं अभ्यासू गिऱ्हाईक उभ्या जन्मात बघितलं नाही. मग काय, गडी फुगला... क्लास बघावा लागतो, क्लास!

तर आज इसार द्यायचा होता. कागद तयार, बबिताच्या पिशवीत पेढे तयार. आणि भिवराबाई म्हणली, मी पण येते. बरं, ये बाई. तर म्हणली, सकाळी नाही, दिवस कलल्यावर. माणिकरावाला अकराचा मुहूर्त साधायचा होता, ह्यानं समजावलं, त्यानं समजावलं, पण ती हटंना. "मेंढरं बसवायची जागा कुणी सकाळी बघतंय व्हय?" तुला काय ठाव, तू फ्लॅटमधला... अरे, रानात रात्रीचा कळप बसवायच्या आधी ही लोकं जागा बघतेत, आणि ती सांजच्यालाच बघतेत. पाणी कुठं मुरतंय, कोण कुठून घरी परततंय, कुत्री कुणाची... दुपारी सगळीच जागा शहाणी दिसती म्हणे!

गेले. हे तिघं लिफ्टनं वर. भिवराबाई? वर गेलीच नाही! वर माणिकराव फरशी दाखवायलाय, नळ सोडून दाखवायलाय, आणि गोपाळ खिडकीतून बघतो तर खाली आई बिल्डिंगीला वळसा घालत भुईत काठी खुपसायलीय. ह्याला मेल्याहून मेल्यासारखं! म्हणला, माणिकराव, चला खाली, सही करून मोकळे होऊ.

खाली आले, सिंहाच्या चौथऱ्यावर कागद पसरला, ह्याच्या हातात पेन. आणि बाई माणिकरावाला विचारती, भाऊ, हितली कुत्री अशी हाडकुळी कशानं? माणिकराव हसला. म्हणे, मावशी, फ्लॅट काय कुत्र्यांना विकायचेत का.

"न्हाई," म्हणली, "पर माणसं ऱ्हात असती तर शिळं तुकडं तरी पडलं असतं."

झटकन सगळ्यांच्या माना वर! दिवेलागण झालेली, आणि अख्ख्या बिल्डिंगीत उजेड किती खिडक्यांना? दोन! मग बाईनं काठीनं मागचा पट्टा दाखवला. भर उन्हाळ्यात हिरवागार, माणसाएवढी बेशरमीची झुडपं माजलेली, जांभळी फुलं पण आलेली. माणिकराव म्हणे, ती हिरवळ, तिथं बगीचा होणारे. भिवराबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. आवाज न चढवता पोराला म्हणली,

"गोपाळा, बेशरम कुठं येती रं?"

संपलं! गोपाळला ठाव नाही का? लहानपणी तिच्याच मागं रानं तुडवलेला तो. बेशरम येती जिथं पाणी तुंबतंय तिथं! पाऊस लागला की ए क्लासच्या पार्किंगात गुडघाभर चिखल.

"घराला दे तुला काय क्लास द्यायचा तो," ती म्हणली. "घर उचलून नेता येतंय का? वस्तीला क्लास कोण देणार?"

तुला सांगतो, गोपाळनं कागदाची घडी घातली, माणिकरावाच्या हातात दिली. आणि मग त्यानं पेन खिशात घातलं. माणिकरावाचं पेन! तसंच घेऊन आला! आणि गाडीवर बसता बसता बबितानं भांडं फोडलं, की ह्यांनी व्हिडिओचा फुकटचा पहिलाच भाग बघितलाय, बिल्डिंगचा. वस्तीचा दुसरा भाग पैशाचा होता.

तो दुसरा भाग भिवराबाईनं फुकटात दाखवला की रे! तिथनं थेट कॉलेजच्या मागच्या गल्लीत घेऊन गेली. रोज सांजच्याला शेळी फिरवायला म्हणून निघायची ना, ते काय शेळीसाठी नव्हतं... वस्त्या बघायली होती बाई! तिथलं विकायला काढलेलं जुनं दुमजली घर, जे ह्यानं गाडीवरूनच सी म्हणून मोडीत काढलेलं. पोपडे सुटलेले, जिना कुरकुरतोय. पण गल्ली बघ! गिरणी चालू, शिकवणीच्या पोरींच्या सायकली, आणि कुत्री अशी लठ्ठ की भुंकायचा कंटाळा. हे तिथं उभे होते तेवढ्यात दोघं जण खोली खाली हाय का विचारून गेले! इसार तिथं दिला, मालकानं डागडुजीसाठी किल्ली पण देऊन टाकली. पेढे तिथं वाटले. आणि तवापासून गोपाळ दुकानात भेटंल त्याला छाती काढून सांगायलाय, चांगल्या वस्तीतलं सी घर घ्यायचं, डागडुजी करायची, त्याचं बी होतंय, आमच्या आईनं शोधलं! अरे, आपली पण छाती फुगली ऐकून, खोटं कशाला बोलू?

फक्त एकच झालं... ती डागडुजी ऐकली ना भिवराबाईनं. म्हणली, मजूर कशाला, अभ्यासू माणूस घरातच हाय की. उद्या सकाळी सातला गोपाळ शिडीवर, हातात पोपडे खरवडायची पत्री, खाली आई खुर्ची टाकून मार्क द्यायला. आता सांग, त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?... चढलाच असतास ना मुकाट?