लेगगार्डखालचा जोड

दि. १२ मार्च २०२५, सकाळी ११.१० वा.

मी, हर्षाली हिरामण ढोमसे, वय २२ वर्षे, धंदा नोकरी (द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासणे), राहणार म्हसरूळ, नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, हवालदार सहादू गांगुर्डे यांनी विचारल्यावरून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी व माझी आई लंकाबाई, वय ४६, अशा दोघी राहतो. मी नववीत असताना वडील वारले. त्यानंतर माझे शिक्षण आईच्या माहेरच्यांनी केले. आई व मी दिंडोरी तालुक्यातील एकाच पॅकहाऊसमध्ये कामाला आहोत. ती कात्रीने घडातले खराब मणी काढते. मी तपासणीच्या टेबलावर असते. माझे काम माल नाकारण्याचे आहे. घड उलटा करायचा, देठाशी बोट घालायचे, आतला मणी बघायचा आणि खराब असेल तर क्रेट बाजूला काढायचा. हे एवढ्यासाठी सांगते की, पोरीला बघून घेता आले नाही, असे उद्या कोणी म्हणू नये.

जानेवारीत मला बागांवर जाऊन तपासणी करण्याचे काम देऊ केले. अट एकच होती, स्वतःची दुचाकी पाहिजे. बागेचे रस्ते कच्चे असतात म्हणून मी स्कूटरऐवजी जुनी मोटारसायकल घ्यायचे ठरवले. मला मोटारसायकल कॉलेजपासून चालवता येते. लायसन्सची प्रत जोडली आहे. ही माझी पहिली गाडी.

पहिली गाडी मी सिडकोत पाहिली. सोबत माझ्या टेबलावरची सई होती. जाहिरातीत "डॉक्टरची गाडी, सिंगल हँड", म्हणजे एकाच मालकाने वापरलेली, असे होते. डॉक्टर कुठे बसतात असे विचारले असता विकणारा म्हणाला की डॉक्टर म्हणजे डॉक्टरांच्या ओळखीतल्यांची. थंड इंजिन एका किकमध्ये सुरू होते का ते बघायचे म्हणून मी मुद्दाम सकाळी आठला गेले होते. सायलेन्सरला हात लावला तर चटका बसला. त्याने आधीच गाडी तापवून ठेवली होती. मी तसे म्हटल्यावर तो म्हणाला, "ऊन लागलंय ताई." गाडी जिन्याखाली उभी होती.

दुसरी गाडी नाशिकरोडला पाहिली. तिथल्या माणसाने मला चावी दिली नाही. "ताई, तुम्हाला स्कूटी शोभून दिसेल. आणि हीच घ्यायची असंल तर भावाला घेऊन या, मग बोलू," असे तो म्हणाला. त्याने आम्हाला चहा दिला होता. तो चहा त्याच्याच सीटवर ओतावा असे मला वाटले. हे जबाबात घेण्याची गरज नाही असे हवालदार म्हणतात. मला गरज वाटते, कारण त्यामुळेच मी पुढे एका पुरुषाला सोबत घेतले.

तिसरी गाडी पंचवटीत होती. मालक विश्वेश, वय अंदाजे २५, त्यांच्या घरात पूजापाठ सांगण्याचे काम आहे. त्यांनी गाडी गल्लीत आणून उभी केली व मी काही विचारण्याआधीच सांगितले की क्लच प्लेटा गेल्या आहेत, ऑइल पिते, मागचा टायर बदलावा लागेल आणि आरसा मांजराने पाडला. "बाकी चालते. मी रोज त्र्यंबकला जातो हिच्यावर," असे ते म्हणाले. मला ती गाडी आवडली होती.

या वेळी माझ्यासोबत ओळखीचा एक इसम होता. त्याचे म्हसरूळकडे गॅरेज आहे. त्याचे नाव आत्ता सांगण्याची माझी तयारी नाही. हवालदारांनी तूर्त "ओळखीचा इसम" असे लिहू असे सुचवले व मी हो म्हटले.

सदर इसमाने विश्वेश यांच्या गाडीला पायाने ढकलून पाहिले व म्हणाला, "भिकार गाडी हे. चल." माल देणाऱ्याने स्वतः डाग दाखवला तर मी तो क्रेट वेगळ्या भावाने का होईना, पास करते. त्या दिवशी मी तसे केले नाही, कारण सोबत जाणकार माणूस होता.

त्यानंतर सदर इसमानेच मला त्याच्या गॅरेजमधली लाल गाडी दाखवली. मालक मनमाडला रेल्वेत आहे, गाडी घरातल्यासारखी वापरलेली आहे, असे सांगितले. मी आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवला. चेन, टायर, ब्रेक, दिवे पाहिले. इंजिन थंड होते व पहिल्या किकला सुरू झाले. दि. १५ फेब्रुवारी रोजी अडतीस हजारांत व्यवहार झाला; पैसे मालकाला पोचवतो म्हणून सदर इसमाने घेतले. माझी तीन वर्षांची शिल्लक त्यात गेली.

गाडी जुनी होती पण तिचे लेगगार्ड कोरे होते. लेगगार्ड म्हणजे गाडी पडली तर पाय चिरडू नये म्हणून इंजिनसमोर लावतात ती लोखंडी कमान. ती चासीच्या पुढच्या उभ्या पाइपला क्लॅम्पने आवळलेली असते. मी त्याचे किती द्यायचे असे विचारले असता सदर इसम म्हणाला, "ते माझ्याकडून. पोरीची जात, पाय जपायला पाहिजे." मला तेव्हा भरून आले होते. आता ते वाक्य आठवले की शिसारी येते.

पुढे तीन आठवडे मी गाडी बागांवर नेली. एकदा क्लॅम्पमध्ये चिखल अडकला म्हणून मी नट खोलायला गेले. नटाच्या कडा घासून गोल केलेल्या होत्या. पाना बसेना. मी फोन केल्यावर सदर इसम म्हणाला, "त्याला हात नको लावू, आहे तसं राहू दे." मी राहू दिले. क्रेटवरचे झाकण कोणी उघडू नको म्हणाला असता तर मी तोच क्रेट आधी उघडला असता.

दि. ९ मार्च, रविवार, सकाळी ७.४० चे सुमारास मी आईला मागे बसवून तिच्या माहेरी निघाले होते. ती माझ्या गाडीवर पहिल्यांदाच बसली होती. तिने नवे लुगडे नेसले होते आणि मांडीवर डबा धरला होता. दिंडोरी रोडवर एका गतिरोधकावर मी वेग कमी केला. अंदाजे वीसचा वेग असेल. पुढचे चाक गतिरोधकावरून उतरले आणि कट् असा आवाज आला. गाडी मध्येच वाकली. पुढचे चाक मागे येऊन इंजिनाला टेकले. मी हँडलवर आदळले. आई उजव्या बाजूला रस्त्यावर पडली. समोरून वाहन नव्हते. कोणी धडक दिलेली नाही. माझी चूक असेल तर ती दि. १५ फेब्रुवारीची आहे.

रस्त्याकडेला चहाची टपरी चालवणाऱ्या रंगूबाई धावत आल्या. त्यांनी आईला सावलीत बसवले. लेगगार्ड निसटून खाली लोंबत होते. त्याच्या क्लॅम्पखाली पाइपचे दोन तुकडे झाले होते. रंगूबाईंनी बोट दाखवून म्हटले, "अगं बाई, ह्यो आता नाय मोडला. ह्यो आधीच मोडून सांधलेला हाय. हे बघ, वेल्डिंग." तुटलेल्या कडेचा थोडा भाग चकचकीत होता, बाकी सगळा जुना गंज होता. वर पुट्टी आणि काळा रंग. माझ्या मोबाईलवर सहा फोटो आहेत, ते दिले आहेत.

आईच्या उजव्या मनगटाची दोन हाडे मोडली. ऑपरेशन करून प्लेट टाकली आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून जोड कुठे आहे, किती स्क्रू आहेत, काय उचलायचे नाही, ते आम्हाला बोट ठेवून सांगितले. ती पुन्हा कात्री धरेल की नाही हे आज सांगता येत नाही असेही सांगितले. डब्याचे काय झाले एवढेच आईने विचारले.

दि. १० रोजी मी आरसीवरील मालकांना मनमाडला फोन केला. ते म्हणाले, "ताई, ती गाडी चांदवडच्या घाटात दुभाजकावर गेली होती. चासी तुटली होती. मी ती भंगारात दिली. ती रस्त्यावर कशी आली?" भंगारात कोणाला दिली असे विचारले. त्यांनी सदर इसमाचे नाव सांगितले व विकल्याची चिठ्ठी फोनवर पाठवली. म्हणजे गाडी विकणारा, सांधणारा आणि माझ्या बाजूने पारखणारा एकच होता.

जबाब इथपर्यंत झाला असता दुपारी १२.०५ चे सुमारास सदर इसम पोलीस ठाण्यात आला. ठाण्यातल्या दोन गाड्यांचे काम तो करतो, त्यामुळे त्याला कोणी अडवले नाही. त्याच्या हातात वडापावची पिशवी होती. ती त्याने हवालदारांच्या टेबलावर, माझ्या कागदांवर ठेवली. पुढील बोलणे हवालदारांसमक्ष झाले, ते मी सांगते तसेच घ्यावे.

तो म्हणाला, "साहेब, घरातलंच हे. आत्याचा दवाखाना मी बघतो. हर्षे, चल ऊठ, असं ठाण्यात बसतात का?"

मी म्हटले, "वेल्डिंग तू मारलंस ना?"

तो म्हणाला, "अगं, हजार गाड्या अशाच पळत्यात रोडनी. तुझंच नशीब. जाऊ दे, तुला दुसरी देतो. काळी हे, दीडशे सीसी, कालच तयार झाली. एक पैसा नको देऊ. लेगगार्ड बी बसवलंय."

मी म्हटले, "ते काढून दाखवशील?"

तो हवालदारांकडे बघून हसला व म्हणाला, "बसवलेलं काढायचं कशाला?"

त्यानंतर मी ती पिशवी माझ्या कागदांवरून उचलून खाली ठेवली. कागदाला तेल लागले आहे, ते पान तीन वर दिसते.

मी आता सांगते की, वर ज्यास "ओळखीचा इसम" व "सदर इसम" म्हटले आहे त्याचे नाव महेश वाल्मीक वडजे, वय ३१, असे आहे. तो माझा सख्खा मामेभाऊ आहे. मी त्याला दरवर्षी राखी बांधते. माझ्या शाळेच्या फीचे पैसे मामा वाल्मीक यांनी दिले व ते शाळेत आणून भरायला महेशदादा यायचा. हे मी नाकारत नाही. नाव ऐकल्यावर तो म्हणाला, "आत्याला इचारलं का?" आणि बाहेर गेला.

आईला विचारले होते. काल संध्याकाळी दवाखान्यात ती मला म्हणाली, "त्याचं नाव काढू नको. तुझा बाप गेला तव्हा कोन उभं राह्यलं व्हतं? हात काय, जुळंल. माह्येर एकच हाय मला, ते तुटलं तर कुठं जाऊ?" मी तिला नाव घेणार नाही असे सांगून इथे आले होते. ती आता माझ्याशी बोलेल की नाही हे मला माहीत नाही. भाऊबीजेला ती कोणाच्या दारात जाईल हेही मला माहीत नाही. हा विचार करूनच मी सांगत आहे.

हवालदारांनी पेन थांबवून मला सांगितले, "पोरी, नीट विचार कर. गाडीचे पैसे मी त्याला सांगून काढून देतो. हे एकदा लिहिलं की राहतं." माझे म्हणणे पैशाबद्दल नाही. ती काळी गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. मी ती घेतली नाही म्हणून तो ती मोडणार नाही. या महिन्यात कोणीतरी पहिली गाडी बघायला येईल, थंड इंजिनावर किक मारेल, चासी नंबर जुळवेल, आणि कोरे लेगगार्ड फुकट मिळाले म्हणून खूश होऊन आईला मागे बसवेल. तरी त्या गाडीचे लेगगार्ड आजच्या आज पंचांसमक्ष खोलून खालचा पाइप पाहावा. पाइप शाबूत निघाला तर मी मामाच्या घरी जाऊन महेशदादाच्या पाया पडेन. तो शाबूत निघणार नाही. लाल गाडी जिथे ठेवली आहे तिथे तिच्यावरही कोणी पाना लावू नये.

माझी तक्रार महेश वाल्मीक वडजे याच्याविरुद्ध आहे.

हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला असून हवालदारांनी तो मला सुरुवातीपासून वाचून ऐकवला. पहिल्या पानांवर जिथे जिथे "ओळखीचा इसम" आहे तिथे खोडून नाव घालू का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. ते शब्द आहेत तसेच राहू द्यावेत. तासभर मीही तो जोड झाकला होता, ते कागदावर दिसले पाहिजे. बाकी सर्व बरोबर आहे, म्हणून प्रत्येक पानावर सही केली आहे.

(सही) हर्षाली हिरामण ढोमसे

समक्ष: सहादू गांगुर्डे, पोलीस हवालदार