आधी पान, मग पहारा

रुदैना : परत बंद करून चालू केलास? सकाळपासून त्या सर्व्हरचं भूत उतरवतोयस का, गैथ?

गैथ : लॉगिनच्या पानाचा पत्ता तपासला, ब्राउझरची कॅश साफ केली. सगळं ठीक आहे, बाई. लॅबचे रिपोर्ट माझ्याकडे व्यवस्थित उघडतात.

रुदैना : तुझ्याकडे उघडणारच. तू ॲडमिन. या नोकरीत एकदा तरी लॉगआउट केलंयस?

गैथ : सारखा सारखा पासवर्ड कोण टाकत बसणार?

रुदैना : वा, इंजिनीअरसाहेब. घरात बसून दाराला कुलूप आहे का ते बघताय. कर लॉगआउट. आता, जिची तक्रार आलीय, त्या लुजैनच्या रिपोर्टचा पत्ता टाक.

गैथ : ...उघडला.

रुदैना : मोठ्याने बोल.

गैथ : उघडला. पासवर्ड न विचारता.

रुदैना : लग्नाआधीची रक्ततपासणी. तिचं नाव, बापाचं नाव, थॅलेसेमियाची वाहक. आता शेवटचा आकडा एकाने कमी कर.

गैथ : हा तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा.

रुदैना : बरोबर गेले होते दोघं, म्हणून लागून नंबर. त्याच्या आत्याने त्याची लिंक घेतली, आकडा एकाने वाढवला, आणि सल्टपासून अम्मानपर्यंत सगळ्या नातेवाइकांत बोंब मारली. मुलगा वाहक नाही, म्हणजे पुढे पोराबाळांना काही धोका नव्हता, पण ते कोण ऐकतो. लग्न मोडलं.

गैथ : पण लॉगिनची अट मी घातलीय. हे बघा, कोडमध्ये, क्लासच्या नावापुढच्या कंसात.

रुदैना : वाच.

गैथ : आधी रिपोर्टचं पान. मग लॉगिनची अट.

रुदैना : आणि ही पायथन भाषा कंस कुठून वाचते?

गैथ : डावीकडून. आपण उजवीकडून वाचतो ना, बाई... हाताची सवय.

रुदैना : जन्मभर इंग्रजीत कोड बडवलास, आणि आज बरी अरबी आठवली. पान आधी आलं, त्याने रिपोर्ट दाखवून टाकला. तुझ्या अटीला कुणी विचारलंच नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालायस तू.

गैथ : बदललं. अट आधी, पान नंतर. बघा, आता लॉगिन मागतंय. संपलं.

रुदैना : संपलं? काल लॅबच्या डॉक्टरांना काय सांगितलंस?

गैथ : हेच की... साइटमध्ये दोष नाही. मुलीनेच कुणाला तरी लिंक पाठवली असेल.

रुदैना : डॉक्टरांनी तसंच तिच्या बापाला कळवलं. त्याने तिचा फोन काढून घेतला, युनिव्हर्सिटी बंद केली. तिची आई मघाशी इथे येऊन रडून गेली. तू फलाफल आणायला गेला होतास.

गैथ : मला माहीत नव्हतं.

रुदैना : तुला लाज वाटायला हवी, ती कधी वाटणार?

गैथ : माफीचा मेल लिहितो. कंपनीच्या नावाने.

रुदैना : कंसात ती नावं कंपनीने लिहिली होती? तिच्या बापाचा, अबू सुहैबचा नंबर हा. लाव.

गैथ : ते शिव्या घालतील.

रुदैना : घालू देत. कान आहेत ना तुला?

(गैथ फोन लावतो. बराच वेळ रिंग वाजते.)

गैथ : अस्सलामु अलैकुम, काका. लॅबची वेबसाइट करतो, तो मी. हो, तोच... काका, तुमच्या लुजैनने कुणाला काही पाठवलं नव्हतं. रिपोर्ट उघडा राहिला, ती चूक माझी. नाही, ती खोटं बोलत नव्हती. खोटं मी बोललो होतो.

रुदैना : काय म्हणतायत?

गैथ : म्हणाले, मला नको, तिला सांग. हाक मारतायत तिला. बाई, तिला काय सांगू मी?

रुदैना : आधी तिला बोलू दे. मग तू.