पात्यांवरचं तेल

— नाही गं, तिकडून नको, उजेड अडवतेस. इकडे ये, मशीनच्या बाजूला, आणि त्या पेटीला धक्का लावू नकोस. बटणांची पेटी आहे खरी, पण आज तिच्या एकेका कप्प्यात एकेक स्क्रू आहे, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. एक जरी घरंगळला ना, तर बाबाच्या वाढदिवसाला त्याचा कॅमेरा सुटा द्यावा लागेल, पिशवीत भरून. हसतेस काय? चाळीस वर्षं लोकांचे कपडे उसवून परत शिवतेय तुझी आत्या, तिला चार स्क्रू जड नाहीत. भिंगाची पुढची कडी निघत नव्हती — भांडी घासायचा रबरी हातमोजा दाबून फिरवली, आली मुकाट्याने. आता दिसतात का पाती? पाच आहेत, कागदाहून पातळ. बटण दाबलं की क्षणभर उघडायचं, फिल्मवर उजेड पडू द्यायचा आणि मिटायचं, एवढंच त्यांचं काम. हा बघ, खटका वाजतोय — पण पाती ढिम्म.

का म्हणजे? चिकटलीत. जुनं झालं की चिकटतं. — वास? हे लायटरचं पेट्रोल, सुईला कापूस गुंडाळून त्यानेच पुसतेय. नाही, त्याच्याखालचा म्हणतेस. असेल मशीनच्या तेलाचा. या खोलीत सगळ्यालाच तो वास येतो, मलासुद्धा.

बाबाने काय सांगितलंय तुला? फिल्म नीट लावली नव्हती, पहिलंच मोठं काम, गडबड झाली — असंच ना? सगळ्यांना तेच सांगतो. लोकांचं अख्खं लग्न टिपलं, चार रोल, आणि धुऊन आले ते काचेसारखे कोरे. एक रोल चुकेल गं, चारही कसे चुकतील — हे त्याला कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच विचारलं. नवरीची आई आली होती, त्या तिथे बसली. एवढंच म्हणाली, “एकही नाही?” पुढच्या महिन्यात तुझा बाप गोदामात कारकून म्हणून लागला. अजूनही कुणी फोटो काढ म्हणून फोन पुढे केला, तर तो शेजारच्याच्या हातात देतो — पाहिलंयस ना?

मी का नाही विचारलं? त्या लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणाला, ताई, खटका जरा करकरतोय. म्हणाला आणि गेला आंघोळीला. आता माझ्या घरात काही करकरलं तर मी काय करते? कात्री असो, बिजागरी असो — तेलाची कुपी उचलायची, तीन थेंब. मायेनेच टाकले. वर फडक्याने पुसून चकचकीत केला. ही पाती कोरडीच पळतात, तेल लागलं की एकमेकांना धरून बसतात, हे मला काय ठाऊक. ठाऊक झालं वर्षभराने, एका घड्याळवाल्याकडे सहज विषय निघाला तेव्हा; तोवर मीही चूक त्याचीच धरून चालले होते. त्याच दिवशी सांगायचं, तर हा नुकता कुठे नोकरीत रुळलेला — म्हटलं, कशाला खपली काढा. मग त्याचं लग्न, मग तू... राहिलं ते राहिलंच.

तू असं कर, त्याला सांग धूळ होती, आत्याने पुसली. — अशी बघू नकोस. अगदीच खोटं नाही, धूळही आहेच की. तो म्हणेल... काय म्हणेल? इतकी वर्षं पिशवीत बंद होता, आता बसली असेल धूळ, तेव्हा तर चूक माझीच होती. आणि ठेवून देईल कपाटात. हेच म्हणेल ना?

ठेव. ठेव ती कडी खाली. चार पाती पुसून झालीत, पाचवं नाही पुसत मी, त्यावरचं तेल राहू दे. त्याला पाठव इकडे — वाढदिवसाची वाट नको, आजच. काही सांगू नकोस, नुसतं ताईने बोलावलंय म्हण. आणि तू येऊ नकोस त्याच्याबरोबर. जा आता.