बेटावरचं गाऱ्हाणं

मला नास्तिक म्हणून चिडवता ना, मग हे ऐकाच. कणकवलीहून आम्ही तिघे बाइकवर मालवणला गेलो आणि तिथून होडीने बेटावर, तंबू ठोकून राहायला. सामानाची जबाबदारी माझी आणि नियमही माझेच: प्लास्टिक नाही, अंधश्रद्धा नाही.

बेटावर सामान उतरवलं, तर होडीवाले बाबीकाका नारळ घेऊन उभे. राखणदाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तिथे कोणी राहत नाही म्हणे.

"काका, आम्ही हे मानत नाही."

"तू मानू नको रे. माका घालूचा लागता." त्यांनी हात जोडले. "बा देवा राखणदारा, ही पोरां आज तुझ्याकडे रवाक इली हत. तेंका सांभाळ."

"व्हय म्हाराजा," दोघे मित्र म्हणाले. मी हाताची घडी घालून गप्प.

"ह्यो चष्मेवालो तुका मानणा नाय. तेच्यार रागाव नको."

"व्हय म्हाराजा." या वेळी दोघांना जरा जास्तच जोर चढला.

"ह्येना तंबू हाडल्यान, पण तंबूचे दांडे थंय धक्क्यार इसारलो. ते हाडूक माका परत जावचा आसा. वाटेत इंजिन बंद पडाक देऊ नको."

मी सामानाकडे एकदा पाहिलं, दांडे खरंच नव्हते, आणि दोघांच्या आधी ओरडलो, "व्हय म्हाराजा."

बाबीकाकांनी नारळ माझ्या हातात ठेवला. "घे, आता तूच फोड."