यानाचा पाय बांधावर

अरे, त्या यानाच्या चित्राचं पुढं काय झालं, ते सांगितलंच नाही तुला. मला धड आंबासुद्धा काढता येत नाही, हे तुला माहीत आहेच. मी आपला नेटवरून तयार मॉडेलं घेतो आणि फोटोत बसवतो. परवा भिवपुरीच्या आमच्या शेताच्या फोटोत परग्रहावरचं एक यान उतरवलं, चांगलं तीन पायांचं, आणि गावच्या ग्रुपवर टाकलं.

म्हटलं, लोक वाहवा करतील. तर शेजारच्या शेताचे नामाकाका थेट दारात.

"यान तुझं, पण त्याचा एक पाय माझ्या बांधावर हाय."

"काका, ते खोटं आहे. कॉम्प्युटरवर केलंय."

"मला कळत नाय काय रं? खोटंच हाय. पण उद्या मोजणीवाले आले का तुझा बा हाच फोटो दाखवील. म्हनंल, बांध आमचा, आमचं यान उभं व्हतं तिथं."

बाबा आतून ओरडले, "बांध आपलाच हाय! पाय हलवू नको रं!"

दोघांची अशी जुंपली की आईनं आणलेला चहा गार झाला. शेवटी मी वैतागून तिन्ही पाय काढून टाकले, यान वर आभाळात नेलं आणि नवं चित्र ग्रुपवर टाकलं. म्हटलं, आता भांडा.

संध्याकाळी काका परत हजर. मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"सावली बघ रं कुठं पडलीय. सगळी माझ्या वावरात. असं ऊन अडवलंस, तर माझा भात पिकंल कसा?"